मधुमेहाची औषधे आणि वजनकाट्याला न दिसणारी गोष्ट

पश्चिम रेल्वेच्या फलाटांवर एके काळी वजनाची मोठी यंत्रे उभी असत. विरार गाडीची वाट पाहता पाहता त्या यंत्रावर चढायचे, रंगीत दिवे लुकलुकायचे, चकती फिरून थांबली की फटीत नाणे टाकायचे. खटकन जाड कागदाचे तिकीट बाहेर पडे. त्यावर वजन आणि त्याच्याच जोडीला भविष्य! भविष्य वाचून लोक हसत आणि वजनावर मात्र पूर्ण विश्वास ठेवत. मधुमेहाच्या औषधांचा इतिहास पाहिला, तर त्या वजनाच्या आकड्याकडेही जरा जपूनच पाहायला हवे असे वाटते.

एक उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या शाळेच्या शिक्षकखोलीत दोघे मधुमेही आहेत. बाईंना गोळ्या सुरू झाल्या आणि वर्षभरात वजन चार किलोंनी वाढले. सरांनी आठवड्यातून एकदा घ्यायचे नवे इंजेक्शन सुरू केले आणि त्यांचे वजन आठ किलोंनी उतरले. बाई खट्टू, सर खुशीत. पण बाईंच्या अंगावर चढलेले चार किलो कशाचे आहेत? सरांच्या अंगावरून गेलेले आठ किलो कशाचे होते? मेद, स्नायू, की नुसते पाणी? काटा याचे उत्तर देत नाही. त्याला किलो तेवढे कळतात. हा प्रश्न नेमकेपणाने विचारायला वैद्यकशास्त्रालाही बराच काळ लागला. त्यातला एक महत्त्वाचा टप्पा आपल्या पुण्यात घडला आहे.

मांस वितळवणारा रोग

दुसऱ्या शतकातल्या अरेटिअस या ग्रीक वैद्याने मधुमेहाचे वर्णन करताना, रोग्याचे मांस आणि अवयव जणू वितळून लघवीवाटे वाहून जातात, असे म्हटले होते. आपल्याकडे चरकसंहितेत प्रमेहाचे रोगी दोन प्रकारचे सांगितले आहेत. एक स्थूल आणि बलवान, दुसरा कृश आणि दुर्बल. दोघांचे उपचारही वेगळे आहेत. स्थूलाला शोधन, तर कृशाला बृंहण, म्हणजे शरीर भरून येईल असा आहार. जुन्या ग्रंथांत आधुनिक शोध धुंडाळण्याची हौस मला नाही. पण एकच रोग दोन वेगळ्या देहयष्टींत दिसतो आणि दोघांना एकच उपाय चालत नाही, हे निरीक्षण फार चांगले होते. ते लक्षात ठेवूया, कारण पुढे ते पुन्हा भेटणार आहे.

वर्गात आपण इन्सुलिनची व्याख्या सांगतो, 'रक्तातील साखर कमी करणारे संप्रेरक'. व्याख्या चूक नाही, अपुरी आहे. इन्सुलिन हे साठवणुकीचे संप्रेरक आहे. जेवणानंतर रक्तात आलेली साखर ते स्नायूंत आणि यकृतात ठेवायला लावते. जादा ऊर्जा मेदाच्या रूपाने मेदपेशींत कोंडते. स्नायूंमधल्या प्रथिनांची मोडतोडही ते रोखून धरते. इन्सुलिन पुरते आटले की कोठारातून माल उलटा बाहेर पडू लागतो. मेदपेशी मेद सोडतात, स्नायूंची प्रथिने मोडून त्यांपासून यकृत आणखी साखर बनवते, आणि ती साखर लघवीतून निघून जाते. अरेटिअसला रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण त्याला दिसले ते खरे होते.

इन्सुलिन सापडण्यापूर्वी अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन यांचा उपासाचा उपचार प्रसिद्ध होता. खाणे इतके कमी करायचे, की रक्तात साखर साठायला वावच राहू नये. त्याने मुले काही महिने, क्वचित काही वर्षे जास्त जगत. पण ती कशी जगत? अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांची मुलगी एलिझाबेथ ऑगस्ट १९२२ मध्ये टोरांटोला फ्रेडरिक बँटिंग यांच्याकडे आली. तेव्हा ती पंधरा वर्षांची होत आली होती आणि तिचे वजन होते ४५ पौंड, म्हणजे जेमतेम २० किलो. पहिलीतल्या मुलाचे असावे तेवढे.

त्याच वर्षीच्या जानेवारीत टोरांटोच्या रुग्णालयात लेनर्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले होते. त्याचे वजन ६५ पौंड, म्हणजे सुमारे ३० किलो होते. ११ जानेवारीचे पहिले इंजेक्शन अशुद्ध निघाले, त्याने गळू झाले. मग जेम्स कॉलिप यांनी अर्क शुद्ध केला आणि २३ जानेवारीपासून उपचार पुन्हा सुरू झाले. या वेळी साखर उतरली. त्या काळातली एका तीन वर्षांच्या मुलाची दोन छायाचित्रे आजही पाठ्यपुस्तकांत छापतात. पहिल्यात आईच्या कडेवर हाडांचा सापळा, दुसऱ्यात दोन महिन्यांनंतरचे गुटगुटीत मूल. त्या दोन महिन्यांत त्याचे वजन १५ पौंडांवरून २९ पौंडांवर गेले होते. एलिझाबेथही वाचली आणि १९८१ पर्यंत जगली.

अशा काळात वजन वाढणे म्हणजे जीव वाचणे. वाढले ते काय, असे विचारण्याची कोणाला गरज वाटली नाही, आणि ते योग्यच होते.

इन्सुलिनची दुसरी बाजू

पण इन्सुलिन साठवणूक करते म्हटल्यावर ते गरजेपेक्षा जास्तही साठवू शकते. १९२० च्या दशकातच व्हिएन्नाच्या विल्हेल्म फाल्टा यांनी मधुमेह नसलेल्या हडकुळ्या लोकांचे वजन वाढवण्यासाठी इन्सुलिन वापरून पाहिले. त्याने भूक वाढते आणि माणूस भरतो. पुढे इन्सुलिन रोज टोचणाऱ्यांच्या अंगावर आणखी एक गोष्ट दिसली. एकाच जागी वारंवार सुई टोचली, तर तिथे मऊ गाठ येते. ती मेदाची असते. इन्सुलिन मेदपेशींना काय सांगते, याचा याहून थेट पुरावा शोधून सापडणार नाही. म्हणूनच डॉक्टर सुईची जागा बदलत राहायला सांगतात. गाठीत टोचलेले इन्सुलिन नीट शोषलेही जात नाही.

वजन वाढण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते फळ्यावर सोडवून दाखवता येण्याजोगे आहे. एक ग्रॅम साखरेतून सुमारे चार किलोकॅलरी ऊर्जा मिळते. समजा, एखाद्याचा मधुमेह आटोक्याबाहेर आहे आणि त्याच्या लघवीतून रोज १०० ग्रॅम साखर जाते. म्हणजे रोज ४०० किलोकॅलरी वाया जात आहेत. उपचार सुरू झाले, साखर लघवीत जायची थांबली, आणि खाणे पूर्वीइतकेच राहिले, तर त्या ४०० किलोकॅलरी कुठे जाणार? त्यांतला काही भाग झिजलेले स्नायू भरून काढण्यात जातो आणि उरलेला मेद होतो. पहिल्या भागाबद्दल आपण आनंदी व्हावे, दुसऱ्याबद्दल सावध. काटा दोन्हींची बेरीज दाखवतो. तेव्हा बाईंच्या चार किलोंवरून त्यांना बोल लावण्याआधी त्यांची साखर आधी किती होती, हे विचारावे लागेल.

प्रौढांच्या मधुमेहात, म्हणजे ज्याला आपण 'टाइप २' म्हणतो त्यात, हा परिणाम किती होतो हे ब्रिटनमधल्या एका प्रदीर्घ अभ्यासाने मोजले. ऑक्सफर्डचे रॉबर्ट टर्नर यांनी १९७७ मध्ये सुरू केलेल्या या अभ्यासात पाच हजारांहून अधिक रुग्ण होते आणि निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ आहाराचे पथ्य पाळणाऱ्यांच्या तुलनेत दहा वर्षांत इन्सुलिन घेणाऱ्यांचे वजन सरासरी ४ किलोंनी जास्त वाढले, क्लोरप्रोपामाइड घेणाऱ्यांचे २.६ किलोंनी आणि ग्लिबेनक्लामाइड घेणाऱ्यांचे १.७ किलोंनी. या शेवटच्या दोन गोळ्या सल्फोनिलयुरिया गटातल्या. या गटाचा शोध गमतीदार आहे. १९४२ मध्ये फ्रान्समधल्या माँपेलिए येथे मार्सेल जाँबाँ हे विषमज्वरावर एक सल्फा औषध वापरून पाहत होते, तेव्हा रोग्यांची साखर धोकादायक इतकी खाली गेली. ऑग्युस्त लुबातिए यांनी त्याचे कारण शोधले. ही औषधे स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावतात. म्हणजे इन्सुलिन बाहेरून द्या की आतून काढा, साठवणूक आलीच.

मेटफॉर्मिन वेगळे निघाले. युरोपातल्या गॅलेगा नावाच्या शेंगवर्गीय रानवनस्पतीत सापडणाऱ्या ग्वानिडीन जातीच्या रसायनांशी त्याचे नाते आहे. पॅरिसच्या जाँ स्टेर्न यांनी १९५७ मध्ये त्याचे मधुमेहावरचे उपयोग प्रसिद्ध केले आणि औषधाला 'ग्लुकोफाज', म्हणजे साखरखाऊ, असे नाव दिले. ते मुख्यत्वे यकृतातून होणारी साखरेची निर्मिती कमी करते. त्याने वजन वाढत नाही, हे ब्रिटनच्या त्याच अभ्यासात दिसले. मात्र २०१९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ६५ वर्षांपुढच्या निरोगी माणसांकडून १४ आठवडे वजने उचलण्याचा व्यायाम करून घेतला, तेव्हा मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचे स्नायू इतरांपेक्षा कमी वाढले. ती माणसे मधुमेही नव्हती, म्हणून मधुमेह्यांनी यावरून गोळी बंद करण्याचा निष्कर्ष काढू नये. पण काटा स्थिर असताना आत काही घडत असू शकते, याचे ते उदाहरण आहे.

पाण्यात बुडवलेले फुटबॉलपटू

आत काय घडते, हे कळणार कसे? इथे आपल्या आठवी-नववीच्या भौतिकशास्त्रातला आर्किमिडीज मदतीला आला.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी नौदलातले डॉक्टर आल्बर्ट बेन्की यांनी माणसांचे वजन आधी हवेत आणि मग पाण्याखाली केले. मेदाची घनता पाण्याहून कमी, सुमारे ०.९. मेद सोडून उरलेल्या शरीराची घनता सुमारे १.१. तेव्हा दोन वजनांवरून शरीराची घनता काढली, की त्यात मेद किती याचा अंदाज बांधता येतो. तेल पाण्यावर तरंगते आणि खडा बुडतो, हे दाखवणारा कोणताही शिक्षक हे तत्त्व मुलांना पाच मिनिटांत समजावून देऊ शकेल. १९४२ मध्ये बेन्की आणि त्यांच्या सहकाऱ्याने २५ व्यावसायिक फुटबॉलपटूंचे असे मोजमाप प्रसिद्ध केले. उंची-वजनाच्या तेव्हाच्या तक्त्यांनुसार त्यांतले १७ जण 'अतिवजनी' म्हणून सैन्यात घेण्यास अयोग्य ठरले असते! प्रत्यक्षात त्यांच्या अंगावर मेद कमी होता. वजन स्नायूंचे होते.

मेद कुठे आहे हेही महत्त्वाचे. १९४७ मध्ये मार्सेयच्या जाँ व्हाग यांनी दाखवले, की मधुमेह आणि हृदयविकार यांचा संबंध पोटावरच्या मेदाशी अधिक आहे, मांड्या-नितंबांवरच्या मेदाशी कमी. त्यांचे म्हणणे जगाने गांभीर्याने घ्यायला अनेक दशके गेली. पुढे क्ष-किरणांच्या दोन वेगवेगळ्या ऊर्जा वापरून हाडे, मेद आणि बाकीचे शरीर वेगळे मोजणारे यंत्र आले. त्याला डेक्सा म्हणतात. माणसाला पाण्यात बुडवण्याची गरज संपली.

या मोजमापांमुळे एका विचित्र औषधाचे वागणे कळले. ग्लिटाझोन गटातल्या औषधांनी, त्यांतल्या त्यात पायोग्लिटाझोनने, साखर उतरते पण वजन चढते. काट्याकडे पाहिले तर हे औषध वाईट. पण आत पाहिले तर निराळेच दिसते. हे औषध कातडीखाली नव्या मेदपेशी तयार करवते आणि यकृतात साचलेला मेद तिकडे हलवते. यकृत हे काही मेदाचे गोदाम नव्हे. तिथे मेद साचला की इन्सुलिनचा हुकूम चालेनासा होतो. घरातल्या वाटेवर पडलेली पोती माळ्यावर नेऊन ठेवावीत, तसा हा प्रकार. घरातला माल वाढतो, पण चालायला जागा होते. अर्थात वाढलेल्या वजनातला काही भाग अंगात साठलेल्या पाण्याचा असतो, ते हृदय अशक्त असणाऱ्यांना धोक्याचे ठरते, आणि स्त्रियांमध्ये हाडे मोडण्याचे प्रमाणही वाढलेले आढळले. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या शंकेवरून जून २०१३ मध्ये भारत सरकारने पायोग्लिटाझोनची विक्री थांबवली आणि पुढच्याच महिन्यात धोक्याच्या सूचनेसह पुन्हा परवानगी दिली. त्या दीड महिन्यात बऱ्याच रुग्णांची तारांबळ उडाली.

पुण्याचे डॉक्टर, लंडनचे डॉक्टर

आता पुण्याकडे येऊ. के. ई. एम. रुग्णालयाच्या मधुमेह विभागात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना एक गोष्ट खटकत होती. पाठ्यपुस्तके म्हणत, की टाइप २ मधुमेह लठ्ठांना होतो आणि उतारवयात होतो. त्यांच्यासमोर येणारे रुग्ण मात्र तरुण असत आणि पुष्कळदा बारीक.

लठ्ठपणा मोजण्यासाठी जगभर 'बॉडी मास इंडेक्स' वापरतात. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे. हे सूत्र बेल्जियमचे गणिती केटले यांचे, एकोणिसाव्या शतकातले. जानेवारी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचेच एक छायाचित्र छापले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. दोघेही कोणत्याही तक्त्यानुसार सडपातळ. पण डेक्साने मोजल्यावर युडकिन यांच्या शरीरात मेद निघाला ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दुपटीहून जास्त! युडकिन मॅरेथॉन धावणारे. याज्ञिकांनी आपल्या व्यायामाबद्दल तिथे स्वतःचीच थट्टा केली आहे, रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्याआधी गाठण्यासाठी धावणे हाच त्यांचा मुख्य व्यायाम. दोघांच्या आडनावाचे पहिले अक्षर इंग्रजीत एकच, म्हणून या लेखाला 'वाय-वाय विरोधाभास' असे नाव मिळाले.

फरक फक्त धावण्याचा असता, तर गोष्ट इथेच संपली असती. पण पुण्याच्या गटाने आणखी मागे जाऊन पाहिले. १९९३ मध्ये त्यांनी ब्रिटनमधल्या साउदॅम्प्टनच्या शास्त्रज्ञांबरोबर पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. शेतीकाम करणाऱ्या, बारीक अंगाच्या बायका. त्यांचा स्वतःचा बॉडी मास इंडेक्सच १८ च्या आसपास. बाळ जन्मले की त्याचे वजन, लांबी, दंडाचा आणि पोटाचा घेर घ्यायचा, आणि पाठीवरच्या कातडीची घडी चिमट्यासारख्या उपकरणात धरून खालच्या मेदाची जाडी मोजायची. पुण्याच्या बाळांचे सरासरी वजन निघाले २.७ किलो, साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे लहान, हे माहीतच होते. धक्का पुढे होता. दंडाचा आणि पोटाचा घेर, म्हणजे स्नायू आणि आतली इंद्रिये, यांत आपली बाळे फार मागे होती. पाठीवरचा मेद मात्र त्या मानाने जवळपास शाबूत होता. अपुऱ्या पोषणात वाढणाऱ्या गर्भाने स्नायूंवर काटकसर केली आणि मेद राखला. याज्ञिक याला 'थिन-फॅट' म्हणतात. आपण 'सडपातळ पण मेदयुक्त' म्हणू.

ही मुले १८ वर्षांची झाली, तेव्हा त्यांची पुन्हा तपासणी झाली. त्यांचा बॉडी मास इंडेक्स १९.४ च्या आसपास होता. कोणतीही आजी 'काही खात नाही हो' म्हणेल, अशी अंगकाठी. तरीही मुलग्यांत ३७ टक्के आणि मुलींत १८ टक्के जणांची साखर सामान्य मर्यादेच्या वर निघाली. जेवणानंतर इन्सुलिनच्या प्रभावाखाली रक्तातून उचलली जाणारी बहुतेक साखर स्नायू घेतात. ज्याच्याकडे मुळात स्नायूच थोडे, त्याचे साखरेचे कोठार लहान. जिथे स्वादुपिंडाचीही कुवत कमी, तिथे प्रश्न आणखी बिकट. पुण्याच्याच २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तरुणपणी टाइप २ मधुमेह झालेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जणांत इन्सुलिनची तीव्र कमतरता हेच मुख्य कारण दिसले, लठ्ठपणा नव्हे. चरकसंहितेतला दुसरा रुग्ण इथे पुन्हा भेटतो.

सफरचंदाची साल आणि विषारी सरडा

या पार्श्वभूमीवर नवी औषधे पाहू. १८३५ मध्ये सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचे द्रव्य वेगळे केले गेले. ते दिले की लघवीत साखर जाते, हे १८८६ मध्ये फॉन मेरिंग यांनी दाखवले. तेव्हा हे निव्वळ कुतूहल होते. सव्वाशे वर्षांनंतर त्याच तत्त्वावर डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या आल्या. त्या मूत्रपिंडाला साखर परत शोषू देत नाहीत. म्हणजे आपण वर फळ्यावर केलेले गणित उलट्या दिशेने! मेटफॉर्मिनच्या जोडीला ही गोळी देऊन केलेल्या २०१२ च्या अभ्यासात २४ आठवड्यांत वजन सुमारे दोन किलोंनी जास्त उतरले, आणि त्यातला दोन-तृतीयांश भाग मेद होता.

दुसरी वाट सरड्याची. अमेरिकेच्या वाळवंटात हिला मॉन्स्टर नावाचा विषारी सरडा असतो. त्याच्या विषात न्यूयॉर्कच्या डॉ. जॉन एंग यांना १९९२ मध्ये एक द्रव्य सापडले. माणसाच्या आतड्यात जेवणानंतर जीएलपी-१ हे संप्रेरक तयार होते, त्याच्याशी या द्रव्याचे साम्य होते. आपले संप्रेरक काही मिनिटांत नष्ट होते, सरड्याचे टिकते. त्यावरून एक्सेनाटाइड हे औषध २००५ मध्ये अमेरिकेत आले. सेमाग्लुटाइड हे त्याच कुळातले नंतरचे भावंड, पण ते माणसाच्या संप्रेरकाच्या नमुन्यावर बेतलेले आहे. ही औषधे साखर जास्त असतानाच इन्सुलिन सोडायला लावतात, जठर सावकाश रिकामे करतात आणि मुख्य म्हणजे भूक मंदावतात. इन्सुलिन वाढते आणि तरीही वजन उतरते, ते माणूस कमी खातो म्हणून.

उतरते काय? टाइप २ मधुमेह असलेल्या प्रौढांवर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वर्षभर सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचा मेद ३.४ किलोंनी आणि मेदविरहित भाग २.३ किलोंनी कमी झाला. तुलनेला घेतलेल्या, लघवीत साखर सोडणाऱ्या कॅनाग्लिफ्लोझिनने मेद २.६ आणि मेदविरहित भाग १.५ किलोंनी कमी केला. म्हणजे दोन्हींत उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन-पंचमांश हिस्सा मेद नव्हताच. आपल्या सरांच्या आठ किलोंना हेच प्रमाण लावले, तर तीनएक किलो मेदाबाहेरचे निघतील. मार्च २०२५ मध्ये भारतात आलेल्या टिर्झेपॅटाइडने लठ्ठ लोकांवरच्या अभ्यासात उतरलेल्या वजनाचा सुमारे चतुर्थांश भाग मेदविरहित होता.

इथे घाई नको. मेदविरहित भाग म्हणजे निव्वळ स्नायू नव्हे. त्यात पाणी, यकृत आणि इतर इंद्रियेही आली. जड शरीर वाहण्यासाठी वाढलेले स्नायू भार कमी झाल्यावर थोडे घटणारच. मेद त्याहून जास्त घटतो, म्हणून शरीरातले मेदाचे प्रमाण सुधारतेच. नुसत्या उपासानेही स्नायू जातात. तेव्हा औषधाला खलनायक ठरवण्याचे कारण नाही. पण सेमाग्लुटाइडच्या वजनावरील परिणामांचा जो मोठा अभ्यास २०२१ मध्ये गाजला, त्यातल्या लोकांचा सरासरी बॉडी मास इंडेक्स जवळपास ३८ होता, त्यांतले तीन-चतुर्थांश गोरे होते आणि मधुमेही त्यात घेतलेच नव्हते. ३८ वाल्याच्या गाठीला स्नायूंची पुंजी मोठी असते. पुण्याच्या त्या बाळांसारख्या, जन्मापासूनच स्नायूंची काटकसर झालेल्या आणि आता पन्नाशीला आलेल्या माणसाला तेवढेच स्नायू गमावणे परवडेल का, हा आपला प्रश्न आहे. औषध थांबवले की वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश परत येते, हेही त्या अभ्यासाच्या पुढच्या भागात दिसले. गेले ते मेद आणि स्नायू, परत आला तो मुख्यत्वे मेद, असा व्यवहार झाला तर माणूस आधीच्याच वजनावर आधीपेक्षा अशक्त होईल. मग फलाटावरचे तिकीट दोन्ही वेळी एकच आकडा छापेल.

उपाय मात्र साधा निघाला. डेन्मार्कमध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आहाराने वजन उतरवलेल्या लोकांचे गट केले. याच कुळातले लिराग्लुटाइड आणि व्यायाम दोन्ही देणाऱ्या गटात मेदाचे प्रमाण एकट्या औषधाच्या किंवा एकट्या व्यायामाच्या सुमारे दुपटीने घटले, आणि स्नायू टिकले. प्रथिनांचेही तेच. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ६० किलोंच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. औषधाने भूक मेल्यावर ताटातून आधी काय कमी होते, ते पाहावे. बहुतेक घरांत भात राहतो आणि उसळ सुटते.

पालघर जिल्ह्यापुरते बोलायचे, तर हा प्रश्न दोन टोकांना दोन रूपांत उभा आहे. एका टोकाला वसई-विरारची दाट वस्ती. ज्यांचे आजोबा केळीच्या आणि पानवेलींच्या बागांत दिवसभर राबत, ते रोज तास-दीड तास गाडीत लोंबकळतात आणि उरलेला दिवस खुर्चीत काढतात. गाडी पकडण्याची धावपळ सोडली, तर त्यांचा व्यायाम याज्ञिकांच्या लिफ्टइतकाच. दुसऱ्या टोकाला जव्हार-मोखाडा. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीचे १९९२ मधले कुपोषणाने झालेले बालमृत्यू अनेक शिक्षकांना आठवत असतील. त्या वेळी वाचलेली बालके आज तिशी ओलांडून गेली आहेत. एप्रिल २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने कुपोषणाशी निगडित मधुमेहाला 'टाइप ५' अशी स्वतंत्र ओळख दिली. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये असा वर्ग मान्य केला होता आणि १९९९ मध्ये काढून टाकला होता. या नव्या नावावरही तज्ज्ञांत मतभेद आहेत आणि उपचाराचे ठाम नियम ठरायचे आहेत. पण अशा कृश रुग्णाला वजन उतरवणारे औषध देणे म्हणजे काय, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. बृंहण हवे तिथे शोधन झाले.

डेक्सा यंत्र प्रत्येक गावात नाही. पण आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये स्नायूंच्या ऱ्हासासाठी काही सोप्या चाचण्या सुचवल्या, त्यांना पैसे पडत नाहीत. पोटरीचा सर्वांत जाड घेर शिवणाच्या फितीने मोजायचा. पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, तर पुढे तपासावे. दुसरी चाचणी खुर्चीची. हात छातीशी घडी घालून खुर्चीवरून पाच वेळा पूर्ण उभे राहायचे आणि बसायचे. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लागला, तर डॉक्टरांना सांगावे. गोळी किंवा इंजेक्शन मनाने बंद करू नये. औषध सुरू होण्यापूर्वी एकदा आणि नंतर दर तीन महिन्यांनी ही नोंद वजनाच्या आकड्याशेजारी लिहून ठेवली, की बाईंचे चार किलो आणि सरांचे आठ किलो यांविषयी बोलायला डॉक्टरांच्या हाती काहीतरी येते. वेळ दुसऱ्या कोणीतरी मोजावी, आणि खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. शाळेतल्या खुर्च्यांचे पाय आपल्याला ठाऊक आहेतच.